रेघेवरची उभी खूण

"रिपोर्ट पुरुषाचा आलाय," डॉक्टरीणबाई बोलून गेल्या आणि मग सावरून घेत, म्हणजे तसा अर्थ नाही, नीट ऐका, असं म्हणाल्या. पण इंद्रजीतनं पुढचं ऐकणं तिथंच बंद केलं. शेजारच्या खुर्चीवरच्या ऋतुजाला ते नवऱ्याकडे न बघताही कळलं, कारण इतका वेळ हलणारा त्याचा गुडघा थांबला होता. बाई चांगल्या होत्या. त्या समजावत राहिल्या. रक्ताच्या पेशी तपासल्या, त्यात गुणसूत्रांची बाईची जोडी सापडायला हवी होती, ती न सापडता पुरुषाची सापडली. अशा काही मुली जन्मतात, मुलीसारख्याच वाढतात, त्या बाईच असतात, यात कुणाचा दोष नसतो. सोनोग्राफीत गर्भाशय लहान दिसलं होतं, बीजांडं सुकलेली दिसली होती, ते सगळं याच्याशी जुळत होतं. मूल होणं अवघड. आणि ती सुकलेली बीजांडं काढून टाकलेलीच बरी, कारण अशांना पुढंमागं कॅन्सरची भीती असते. तो शब्द ऐकून ऋतुजाला हसू फुटायच्या बेतात आलं. तिनं ओढणी तोंडाला लावली. बाईंना वाटलं रडतेय, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. इंद्रजीत तो उचलून स्वतःच प्यायला.

रेल्वे लाइन्समधल्या दवाखान्यातून जुळे सोलापूरला घरी परतताना तो मोटरसायकल इतकी सावकाश चालवत होता की सायकलवाले पुढं जात होते. एरवी सात रस्त्याला तो सिग्नलच्या आत घुसायचा, मग कचकन ब्रेक दाबायचा, ती त्याच्या पाठीवर आपटायची आणि दोघंही त्याचं काही वाटून घ्यायचे नाहीत. आज खड्डा दिसला की तो लांबूनच वेग कमी करत होता. ब्रेक लागू नये, मागचं अंग पाठीला लागू नये, म्हणून. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि मागची कांब धरली. कांब उन्हानं तापली होती. तोंडात एक वाक्य तयार होतं, अगदी सोपं, शाळेतल्या मुलालाही कळेल असं. ते रक्त माझं नाही, अजिंक्यचं आहे. पण त्या वाक्याच्या शेपटाला सात वर्षांचा संसार बांधलेला होता. वाक्य बाहेर आलं की तोही फरफटत बाहेर येणार होता.

अजिंक्य तिचा धाकटा भाऊ. ती पंधराची आणि तो तेराचा असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. पुण्याच्या इस्पितळात तिचं स्वतःचं रक्त औषधांनी मुळापासून जाळून टाकलं आणि अजिंक्यच्या कमरेच्या हाडातून काढलेला, रक्त तयार करणारा मगज तिच्या शिरेतून आत सोडला. काचेच्या खोलीत पडल्या पडल्या तिनं ती पिशवी पाहिली होती, बीटाच्या रसासारखी गडद. तोंडात इतके फोड होते की थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. काचेपलीकडं आई उभी असायची, पण आईचा अर्धा जीव पलीकडच्या वॉर्डात अजिंक्यपाशी असायचा. एवढंसं लेकरू, बहिणीसाठी हाडं टोचून घेतली, म्हणत ती त्याला बदाम भरवायची. गावी मैंदर्गीला परतल्यावर गल्लीतल्या ज्या दोन-चार घरांना माहीत होतं ती सगळी अजिंक्यला बघायला आली. ऋतुजाला कुणी काय विचारणार? वाचली, एवढंच तिचं काम होतं. वर्षभरात तिचा रक्तगट बदलून भावाचा झाला. दर भाऊबीजेला ती ओवाळायची आणि तो दात काढून म्हणायचा, ताई, ओवाळणी कसली मागतेस, अख्खं रक्त दिलंय की. आई कौतुकानं हसायची, तीही हसायची. पुढं पुढं नुसती हसायची.

लग्न ठरलं तेव्हा आईनं इस्पितळाची सगळी फाईल चुलीत घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाली. इस्पितळातून वर्षा-सहा महिन्यांनी फोन यायचा, पोरीला तपासायला घेऊन या, म्हणून. तो तर आईनं पुण्याचे हेलपाटे थांबवले तेव्हाच नंबर बदलून बंद करून टाकला होता. रोज घ्यायच्या एका गोळीला आई ताकदीची गोळी म्हणायची. ती ताकदीची नाही, तिच्यामुळंच पाळी येते, हे ऋतुजाला ठाऊक होतं आणि नव्हतंही. तिनं कधी विचारलं नाही, कारण विचारलं की कळतं. टेंभुर्णीजवळच्या मांडवात इंद्रजीतनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, वैष्णवी, आणि बायकांनी ते मोठ्यानं वाचलं. आई मागं उभी होती. तिनं इतका लांब सुस्कारा सोडला की ऋतुजाच्या मानेला वारं लागलं. पोरीला नवं नाव देतात ते सासरच्या हौसेनं. आईला मात्र वाटलं, आता ऋतुजा सुरवसे नावाच्या आजारी पोरीला शोधत कुणी आलं तरी ती कुणाला सापडायची नाही. आणि खरंच सापडली नाही. मागच्या वर्षी आई गेली, आणि जळलेली फाईल जिला माहीत होती तीही गेली. उरला अजिंक्य.

आता गंमत अशी की ऋतुजा पोटापाण्यासाठी करत काय होती, तर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होती आणि हिरेमठ सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती, विषय मगज बदललेले रोगी दीर्घकाळ किती जगतात याचं गणित. विषय सरांनी सुचवला होता. त्यांना काही माहीत नव्हतं. तिला नाही म्हणता आलं असतं, पण खपली काढायची खोड ज्याला असते त्याला नख लागतंच. एका कागदावर एक रेघ. डावीकडं सगळे जिवंत, म्हणून रेघ वर. कुणी मेलं की ती एक पायरी उतरते. पहिल्या वर्षी धडाधड उतरते, दुसऱ्या वर्षी दमानं, आणि मग काही वर्षांनी सपाट होते, माळरानासारखी. त्या सपाटीवर जे पोचले ते बरे झाले असं धरायचं. किती जण तिथं पोचतात आणि किती वर्षांनी एखाद्याला जा बाबा, तू सुटलास, असं सांगता येतं, हे काढायचं तिचं काम. सपाटीवरची माणसं कशी जगतात, त्यांच्या ताटात काय असतं, अंथरुणात काय असतं, हे रेघ विचारत नाही. ती विचारते, आहेस का? आहे म्हटलं की पुढं जाते.

त्या रेघेवर जागोजाग बारीक उभ्या खुणा होत्या. या खुणा मेलेल्यांच्या नाहीत. शेवटचे दिसले तेव्हा जिवंत होते आणि पुढं आलेच नाहीत, अशांच्या. खुणेपाशी रेघ उतरत नाही, फक्त तो माणूस तिथून पुढच्या हिशेबातून वगळला जातो. माहिती पुण्याच्या त्या इस्पितळाच्याही जुन्या नोंदींतून आलेली होती, तीत नावं नव्हती. पण वय, आजार, मगज भावाचा, शेवटची भेट एवढ्यावरून माणूस स्वतःला ओळखतोच. तिसऱ्या वर्षानंतर लगेच जी एक खूण होती ती तिची होती. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा तिनं पडद्याला बोट लावलं आणि मग ओढणीनं बोटाचा डाग पुसला. पुढं तिनं पोरांच्या आणि पोरींच्या खुणा वेगळ्या काढून वयाप्रमाणं मांडल्या. पोरांच्या खुणा कुठंही विखुरलेल्या होत्या. पोरींच्या मात्र विशीच्या अलीकडं-पलीकडं नुसती झुंबड. तिला काही सिद्ध करायची गरजच नव्हती. त्या झुंबडीतल्या प्रत्येकीचा मांडव तिला दिसत होता, बदललेला फोन दिसत होता, मागं उभी राहून सुस्कारा टाकणारी आई दिसत होती. तिनं सरांना ते दाखवलं. सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, बायका सगळीकडंच कमी येतात, यातून अर्थ काढायला आपल्याकडं आधार नाही, आधार नाही तिथं आपण बोलायचं नाही. मग त्यांनी सांगितलेलं वाक्य तिनं प्रबंधात स्वतःच्या हातानं लिहिलं, की येणं थांबण्याचा आणि पुढं जगण्या-मरण्याचा काही संबंध नाही असं गृहीत धरलं आहे.

मग हे सगळं माहीत असणाऱ्या बाईनं गुणसूत्रांच्या तपासणीला दंड पुढं केलाच कसा? हे ती स्वतःला घरी पोचेपर्यंत विचारत राहिली. पहिल्याच भेटीत बाईंनी विचारलं होतं, पूर्वी काही मोठा आजार? खोलीत सासू बसलेली. ऋतुजा म्हणाली, टायफॉइड. तिथंच फासा पडला. पुढं मूल हवं म्हणून पाळीच्या गोळ्या बंद कराव्या लागल्या, पाळी थांबली, तपासण्यांवर तपासण्या सुरू झाल्या, आणि एक दिवस लॅबमधल्या पोरीनं दंडाला रबर बांधलं. तेव्हा ऋतुजाच्या मनात स्पष्ट आलं होतं, हे रक्त आपलं नाही, आता हे बोलणार. बोलू दे. जे आपल्या तोंडून सात वर्षांत निघालं नाही ते रक्तानंच सांगितलं तर बरं, म्हणजे आपण सांगितलं असं होणार नाही. भित्र्या माणसाची हुशारी असते तशी ती हुशारी होती. आणि रक्त बोललं, पण त्यानं साक्ष दिली ती अजिंक्यची. तिच्याबद्दल ते एक अक्षर बोललं नाही.

घरात इंद्रजीत बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, पाळ्या बदलायच्या, म्हणून त्याला कारण शोधावं लागलं नाही. जेवताना मात्र तो बघायचा. तिच्या वरच्या ओठाकडं, मनगटाकडं, पाण्याचा हंडा उचलताना तिच्या दंडाकडं. सात वर्षं ज्या अंगाची त्याला सवय होती त्यावर तो आता पुरावे शोधत होता. नुसता तिरस्कार तिला सोसला असता. ही तपासणी सोसत नव्हती. न्हाणीघरात ती स्वतःही आरशात ओठ न्याहाळू लागली आणि एकदा तसं करताना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आवाज जरा खालच्या पट्टीत गेला की ती खाकरून वर घ्यायची. सासूला, सोजरबाईला, लेकानं सांगितलं असणारच, कारण तिनं सुनेला वेणी घालून देणं बंद केलं.

कॉलेजातून तिनं अजिंक्यला फोन केला. फाईल राहिली नव्हती, आई नव्हती. तू ये आणि माझ्याशेजारी बसून सांग, एवढंच तिचं मागणं होतं. हवं तर दोघांचं रक्त शेजारी ठेवून तपासू दे. पण अजिंक्यचं कुर्डुवाडीच्या मुलीशी जमत आलं होतं, नुसता टिळा व्हायचा राहिला होता.

"ताई, जरा डोकं लाव की," तो म्हणाला. "जन्मापासूनच असं होतं म्हटलं की विषय मिटतो. त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. कॅन्सर लपवला म्हटलं की आपण सगळे चोर."

"आणि मी पुरुष."

"कागदावर गं. नुसतं कागदावर."

ज्याचं नाव त्या कागदावर खरं म्हणजे यायला हवं होतं तोच हे म्हणत होता. तिला राग यायला हवा होता. आला तो थकवा. पंधराव्या वर्षीचा, काचेच्या खोलीतला, थुंकी न गिळवणारा थकवा. ऋणात जगलेल्या माणसाला भांडताही येत नाही. तोंड उघडायला गेलं की पहिलं, अरे तुझ्यामुळंच तर मी, असंच येतं.

रविवारी जेवणं झाल्यावर तिनं एकटीनंच सांगितलं. उभं राहून, वर्गात सांगतात तसं, आजारापासून सुरुवात करून, चुलीतल्या फाईलपर्यंत. इंद्रजीत भिंतीला टेकून बसला होता. ते रक्त अजिंक्यचं आहे, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा क्षणभर इतका सैल झाला, इतका मोकळा, की तिला वाटलं आता हा उठून जवळ येईल. पण तो हिशेबाला लागला. म्हणजे टायफॉइड नाही. म्हणजे गोळ्या कसल्या. म्हणजे बघायच्या कार्यक्रमात सांगितलं ते सगळं. आठवून आठवून तो एकेक खोटं बाहेर काढत गेला आणि प्रत्येकाला ती हो म्हणत गेली. मग तो उठून गॅलरीत गेला. सोजरबाईनं एकच विचारलं.

"परत येतंय का ते?"

या प्रश्नाचं उत्तर त्या घरात, त्या गल्लीत, कदाचित अख्ख्या सोलापुरात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिला ती रेघ दिसली, सपाट, लांब. पंधरा-सोळा वर्षांनंतर तिथं पायरी जवळजवळ नव्हतीच. कधीच नाही, असं म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? पण इतक्या वर्षांच्या अभ्यासानं जिभेला एक खोड लागली होती.

"इतक्या वर्षांनी सहसा येत नाही, आत्या," ती म्हणाली.

"सहसा," म्हातारी म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. एवढी लबाडी पचवलेल्या ऋतुजाला नेमकं त्याच वेळी खरं बोलायची हौस आली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात घरात कुणी तिच्यावर ओरडलं नाही. इंद्रजीतनं रिपोर्टच्या झेरॉक्स काढून आणल्या. डॉक्टरीणबाईंना खरं जाऊन सांगायला हवं, त्या पोटातलं काढायला निघाल्यात, असं ती म्हणाली, तर तो म्हणाला, राहू दे, घाई काय आहे. तो तिच्याकडं बघत नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. तिला मागं एकदा ताप आला तेव्हा रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी तिच्या डोक्यावर पट्ट्या ठेवत बसला होता. वाईट माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं. शेवटी सोजरबाईनंच तिला समोर बसवून घेतलं. शेंगा सोलता सोलता बोलली, आवाज न चढवता, जवळजवळ मायेनं.

"आसं बग पोरी. आजारी बायकू टाकली म्हन्लं तर लोक आमच्या तोंडात शेन घालतील. पोर व्हत न्हाय म्हनून टाकली म्हन्लं तरी घालतील. ह्यो कागद लई सोयीचा हाय. ह्यात तुजा बी दोष न्हाय आन आमचा बी न्हाय."

"पण तो कागद खोटा आहे, आत्या. तुम्हाला माहीत आहे."

"मला म्हाईत हाय की. लोकांस्नी कुटं म्हाईत हाय?"

संध्याकाळी अजिंक्यचा फोन आला. भाऊजींशी बोलणं झालंय, म्हणाला, सामोपचारानं मिटतंय, कोर्टात पण त्रास नाही, असं लग्न मुळात लग्नच धरत नाहीत, वकील म्हणतो. त्याचा आवाज हलका झाला होता. लग्नात मानपानावरून, आहेरावरून, आईच्या दिवसांना कोण किती थांबलं यावरून ज्या दोन घरांचं सात वर्षांत एकदा पटलं नव्हतं, त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, की ती बाई नव्हती. तिनं फोन ठेवला आणि बसून राहिली. आईचं चुलीत घातलेलं सगळं वाया गेलं नव्हतं तर. आईला पोरगी हरवायची होती. आता तिच्यातली बाईही हरवली होती, आणि कुणाच्याच रेघेला पायरी पडली नव्हती. सगळीकडं नुसती खूण. कुठल्याशा वर्षी शेवटची दिसली होती. तिला पहिल्यांदाच राग आला, स्वतःच्या वाक्याचा. संबंध नाही असं गृहीत धरलं आहे. कुणी धरलं? तिनंच.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीत पहिल्या पाळीला गेल्यावर तिनं पुण्याच्या इस्पितळाला फोन लावला. पुरावा हवा होता, ते तर होतंच. तिथं कुठंतरी त्या पिशवीची, त्या पोराची, त्या पोरीची नोंद असणार. पण तिला आणखीही एक करायचं होतं. ती खूण तिसऱ्या वर्षावरून उचलून सोळाव्यावर नेऊन ठेवायची होती. तेवढ्यानं काय होतं, हे ती गणितानं सांगू शकत होती. तिसऱ्या वर्षानंतर जे मेले त्यांच्या पायऱ्या किंचित लहान होतात, आणि तिथून पुढची अख्खी रेघ केसभर वर सरकते. डोळ्याला दिसत नाही. हिरेमठ सरांना सगळं सांगावं लागणार होतं, ते चष्मा वर करून बघणार होते, कदाचित प्रबंधही राहणार होता. राहू दे.

फोन या विभागातून त्या विभागात फिरला. शेवटी एका पोरीनं उचलला. पेशंटचे कोण बोलताय, तिनं विचारलं.

"मीच पेशंट. ऋतुजा सुरवसे."

ते नाव मोठ्यानं उच्चारून किती वर्षं झाली होती, कुणास ठाऊक. तोंडाला ते नवं वाटलं. पलीकडं थोडा वेळ बटणांचा आवाज आला. पोरगी म्हणाली, खूप जुनी केस आहे मॅडम, तुम्ही नंतर आलाच नाहीत, नव्या कॉम्प्युटरला हे चढलेलंच नाही, सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल. घ्या, ऋतुजा म्हणाली. स्वयंपाकघरात सोजरबाई भाकरी थापत होती. मधलं दार अर्धं लोटलेलं होतं. आजार काय होता, मगज कुणाचा, वय किती, पोरगी विचारत गेली आणि ती सांगत गेली.

"स्त्री की पुरुष?"

रोज शंभर जणांना विचारत असेल ती, त्याच सुरात तिनं विचारलं. ऋतुजानं उत्तर दिलं.

"आवाज येत नाहीये मॅडम. जरा मोठ्यानं."

ती उठली, जाऊन मधलं दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली. आवाज खालच्या पट्टीत होता. या वेळी ती खाकरली नाही.

"बाई," ती म्हणाली. "बाई लिहा."

भाकरीची थापथाप थांबली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी सोजरबाईनं ती उलटली नाही.